गोळी घेतली, तरी जंत का राहतात?

 

आज आपण जंतांच्या गोळीविषयी बोलणार आहोत. गोळी तुम्हाला माहीत आहेच. तिचं नाव अल्बेंडाझोल. शाळेत मिळते, अंगणवाडीत मिळते, चावून खायची असते. आपल्या देशात २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ही गोळी फुकट देतात. तारीख कधी कधी पुढंमागं होते, ती आशाताईंना विचारून घ्यावी.

तरीही गावोगावच्या बैठकांत एक तक्रार आमच्या कानावर येते. कुणी म्हणतं, "गोळी दिली, पण पोराचं पोट दुखायचं थांबलं नाही." कुणी म्हणतं, "सहा महिन्यांत पुन्हा जंत पडले." कुणी म्हणतं, "शेजारणीच्या मुलीला गुण आला, माझीला नाही." आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "फुकटच्या गोळीत काही दम नसतो बाई."

या वाक्याची आम्हाला काळजी वाटते. एकदा विश्वास उडाला की पुढच्या वेळी पोर गोळी गालात धरतं, शाळेच्या कुंपणापाशी जाऊन थुंकतं, आणि आईही त्याला काही म्हणत नाही. म्हणून आज नीट समजून घेऊ. गोळीचा गुण कशाकशावर अवलंबून असतो, आणि त्यातलं आपल्या हातात काय आहे?

गोळी पोटात जाऊन काय करते?

जंत आपल्या आतड्यात राहतो आणि आयत्या अन्नावर जगतो. अल्बेंडाझोल त्याची साखर शोषून घ्यायची ताकद बंद करतं. जंत उपाशी पडतो, त्याची पकड सुटते, तो मरतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. याला दोन-तीन दिवस लागतात. बरेचदा मेलेला जंत आतड्यातच विरघळतो, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. काही दिसलं नाही म्हणजे गोळी फुकट गेली, असं समजू नका.

आता एक गोष्ट मनात पक्की धरा. ही गोळी म्हणजे लस नाही. गोवराची लस टोचली की शरीर पुढची अनेक वर्षं राखण करतं. जंतांच्या गोळीचं तसं नाही. आज पोटात जे आहेत त्यांना ती मारते आणि एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जाते. परवा पोरानं मातीचे हात तोंडात घातले, तर जंतांची नवी अंडी पोटात जाणार, आणि तेव्हा राखणीला गोळी तिथं नसणार. जंत पुन्हा होतात यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पण ते एकटंच कारण नाही.

जंत कोणता, यावर बरंच काही ठरतं

आपण सगळ्यांना 'जंत' म्हणतो. पण पोटात राहणाऱ्यांच्या जाती वेगळ्या असतात. गांडुळासारखा लांब, फिकट गुलाबी दिसतो तो गोल जंत. तोंडात आकड्यासारखे दात असलेला, आतड्याला चिकटून रक्त पिणारा, त्याला दवाखान्यात हूकवर्म म्हणतात. चाबकासारखा एका टोकाला बारीक असतो तो व्हिपवर्म. रात्री मुलांच्या शौचाच्या जागी खाज आणणारे बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखे असतात ते पिनवर्म. आणि फितीसारखा चपटा, तुकड्यातुकड्यांनी पडतो तो टेपवर्म.

गोळी तीच, पण गुण सगळ्यांवर सारखा नाही. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेनं गोल जंत असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९५ जण मोकळे होतात. हूकवर्म असलेल्या १०० पैकी सुमारे ८० जण. आणि व्हिपवर्म असलेल्या १०० पैकी फक्त ३० च्या आसपास. जगभरात अनेक ठिकाणी तपासण्या करून हे आकडे काढलेले आहेत.

शेजारणीच्या मुलीला गुण आला आणि आपल्या मुलीला आला नाही, याचं एक उत्तर इथं मिळतं. दोघींच्या पोटात वेगळे जंत असू शकतात. मात्र व्हिपवर्मसारखा जंत पूर्ण गेला नाही, तरी गोळीनं त्यांची संख्या कमी होते. पोटात २०० जंत असणं आणि २० असणं यात मुलाच्या वाढीच्या दृष्टीनं मोठा फरक आहे.

मग करायचं काय? गोळी घेऊनही त्रास चालूच असेल, तर पुन्हा पुन्हा तीच गोळी स्वतःच्या मनानं आणून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात शौचाची तपासणी करून घ्या. गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तपासलं तर गुण आला की नाही ते बरोबर कळतं. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एका दिवसाच्या तपासणीत कधी कधी काही सापडत नाही. डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा नमुना मागतात तो याचसाठी. जंत कोणता ते कळलं की ते तीन दिवस गोळी देतील, किंवा दुसरं औषध देतील. टेपवर्मसाठी तर औषधच बहुधा वेगळं असतं.

आणखी एक. पोट दुखलं म्हणजे जंतच असतील असं नाही. झोपेत दात खाल्ले म्हणजे जंत, ही समजूतही खरी नाही. तसंच गूळ-साखर खाल्ल्यानं जंत होतात हेही खरं नाही. जंत गुळातून येत नाहीत, मातीतून येतात. गूळ बंद करून काही होत नाही. हात धुतल्यानं होतं.

मात्रा बरोबर आणि गोळी खरोखर पोटात

मात्रा वयाप्रमाणे असते. १ ते २ वर्षांच्या बाळाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० च्या गोळीची अर्धी. ती दोन चमच्यांमध्ये धरून बारीक कुटायची आणि पाण्यात कालवून पाजायची. २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण गोळी, पण तीही कुटूनच. ३ वर्षांपुढे पूर्ण गोळी चावून खायची आणि वर पाणी प्यायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी द्यायची नाही.

रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाचं नाक दाबून गोळी कोंबू नका. घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. आधी शांत करा, मग द्या. मूल तापानं फणफणलेलं असेल किंवा त्याच्यावर दुसरे उपचार चालू असतील, तर ताईंना सांगा. बरं झाल्यावर देता येते. त्या दिवशी राहून गेलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो.

काही घरांत दोन भावंडांत एक गोळी वाटतात. "धाकटा अशक्त आहे, त्याला झेपणार नाही, अर्धीच देऊ." यात दोघांचंही नुकसान होतं. अर्ध्या मात्रेनं कच्चे जंत मरतात आणि चिवट राहतात. तो अशक्त आहे तो कदाचित जंतांमुळेच. त्याला पूर्ण मात्रेची जास्त गरज आहे.

काही मैत्रिणी विचारतात, वावडिंग दिलं, कारल्याचा रस दिला, पपईच्या बिया दिल्या तर चालेल का? आपल्या आज्या हे देत आल्या आहेत आणि त्यामागं माया आहे. पण त्यात औषधाचा अंश किती, कोणत्या जंताला तो पुरेल, लहान बाळाला किती द्यायचं, याचं माप आपल्याजवळ नसतं. त्याच्या भरवशावर गोळी टाळू नका.

आता सगळ्यात साधं, पण सगळ्यात जास्त घडणारं कारण. गोळी वहीत लिहिली जाते, पोटात जात नाही. मूल थुंकतं. आई म्हणते, "ठेवा इथं, जेवल्यावर देते," आणि गोळी देवळीत पडून राहते, चुलीच्या धगीत, पावसाच्या ओलीत. म्हणून ताई सांगतात, माझ्यासमोर खा. त्यांना आपला अविश्वास वाटतो म्हणून नाही. समोर खाल्लेली गोळी हीच खरी गोळी, म्हणून.

टाळण्यामागं भीतीही असते. गोळी घेतल्यावर एखाद्या मुलाला मळमळतं, पोटात कळ येते, उलटी होते. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला हा त्रास होण्याची शक्यता जास्त, कारण एकाच वेळी बरेच जंत मरत असतात. त्याला सावलीत निजवा, पाणी पाजा. बहुतेकदा थोड्या वेळात बरं वाटतं. उलट्या थांबेनात किंवा मूल मलूल पडलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

अंडी राहिली की जंत आलेच

पिनवर्मचं उदाहरण घेऊ, कारण यात आयांची फार फसगत होते. हे जंत आतड्यात राहतात. मादी रात्री बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवती अंडी घालते. मूल झोपेत खाजवतं. अंडी नखात जातात, नखांतून तोंडात, चड्डीला, गोधडीला, भावंडाच्या अंगाला. गोळी जंताला मारते, अंड्याला मारत नाही. त्या अंड्यांतून पुन्हा जंत तयार होतात.

म्हणून पिनवर्मवर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावी लागते. आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी द्यावी लागते, फक्त खाजवणाऱ्या पोराला देऊन भागत नाही. त्याबरोबर नखं कापायची, सकाळी उठल्याबरोबर मुलाची खालची बाजू धुवायची, चड्डी रोज बदलायची, चादरी-गोधड्या गरम पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवायच्या. एवढं केलं तर गोळीला गुण. नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीच खाज. यासाठीची मात्रा डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारूनच घ्या, कारण घरात कुणी गरोदर असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागतो.

गोल जंताची गोष्ट आणखी कठीण. याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. अंडी शौचावाटे मातीत पडतात, दोन ते चार आठवड्यांत तिथं पिकतात आणि ओल्या सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या औषधानंही ती मरत नाहीत, पाणी उकळल्यानं मरतात. अंडं पोटात गेलं की त्यातली अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात जाते आणि घशावाटे पुन्हा पोटात येते. या प्रवासात असलेल्या अळीवर ही एका दिवसाची गोळी फारशी चालत नाही. म्हणजे आज गोळी दिली तेव्हा जो जंत फुप्फुसात होता, तो दोन-तीन महिन्यांनी आतड्यात मोठा होऊन बसतो. गोळी वर्षातून दोनदा का देतात, ते यावरून लक्षात येईल.

जिथं उघड्यावर शौचाची सवय आहे, तिथं गोळी दिल्यावर वर्षभरात गोल जंत बहुतेक पूर्वीइतक्याच लोकांत परत आलेले आढळतात. गोळीनं आपलं काम केलेलं असतं. माती मात्र तशीच राहिलेली असते.

इथं आपल्या घरातली एक सवय बोलायला हवी. मोठी माणसं शौचालयात जातात, पण लहान बाळाची शी आपण उकिरड्यावर, नाल्यात किंवा परसात टाकतो. "बाळाच्या शीत काय एवढं!" रांगणारं पोर दिवसभर मातीत असतं. जंत सगळ्यात लवकर त्यालाच होतात, म्हणजे अंडीही त्याच्या शीत असतात. बाळाची शी शौचालयातच टाका आणि नंतर साबणानं हात धुवा. शौचालय दोन खड्ड्यांचं असेल, तर भरलेला खड्डा बंद करून किमान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षं तसाच ठेवा. मगच ते खत रानात घाला. ताजा मैला भाजीच्या वाफ्याला गेला, तर कोथिंबीर-मुळ्याबरोबर अंडी पुन्हा ताटात येतात. कच्ची खायची भाजी चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुवून घ्या.

आणि आपलं काय, बायांनो?

गोळीचा कार्यक्रम १९ वर्षांपर्यंत. पण भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात अनवाणी उभं कोण असतं? खत टाकणं, निंदणी, गोठा, हे कोण करतं? हूकवर्मची अळी अंड्यातून बाहेर पडून ओल्या मातीत थांबते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तिला तोंडावाटे जायची गरजही नसते. पायाच्या बोटांमध्ये खाज सुटते, आपण म्हणतो चिखल लागला.

आत गेल्यावर हा जंत रक्त पितो. पोटात १०० हूकवर्म असले, तर जातीप्रमाणे दिवसाला ३ ते २० मिलिलिटर रक्त जातं. थेंब थेंब जातं, म्हणून कळत नाही. पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, जेवायला आपण शेवटी बसतो, आणि वर हे. मग दम लागतो, पाय ओढतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि घरातले म्हणतात, आळस आला आहे.

यात औषधाला गुण यायचा असेल तर दोन औषधं जोडीनं लागतात. जंतांची गोळी गळती बंद करते. रिकामं झालेलं मडकं भरायला लोहाच्या गोळ्या लागतात, त्याही महिनोन्‌महिने. नुसती जंतांची गोळी घेऊन अंगात रक्त भरत नाही. आणि पोटात हूकवर्म असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर बरं.

गरोदर मैत्रिणींनो, पहिल्या तीन महिन्यांत जंतांची गोळी घ्यायची नाही. चौथ्या महिन्यापासून पुढं तपासणीच्या वेळी नर्सबाई ती देतात. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात तशी सोय आहे. लोहाची गोळी मात्र रोज, १८० दिवस घ्यायची असते. आणि ज्यांना दिवस गेले असण्याची शंका आहे, त्यांनी आधी तपासून घ्यावं.

बाकीच्या बायांनी काय करायचं? जिथं जंतांचं प्रमाण जास्त आहे, तिथं बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांनाही जंतनाशक द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा उपकेंद्रात जाऊन विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हिमोग्लोबिन तपासा, शौच तपासा, गोळी द्या, असं तोंड उघडून सांगा.

पोटाबाहेरच्या जंतांचं औषध वेगळं

काही जंत आतड्यात राहत नाहीत. हत्तीरोगाचा जंत डासामार्फत येतो आणि शरीरातल्या लसिकेच्या वाहिन्यांत राहतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागातल्या मैत्रिणींना या रोगाच्या गोळ्यांची मोहीम ठाऊक आहे. या गोळ्या रक्तातली बारीक पिल्लं मारतात. मोठा जंत चिवट असतो, सहा ते आठ वर्षं जगतो आणि पिल्लं घालत राहतो. म्हणून एकदा घेऊन भागत नाही, दरवर्षी घ्याव्या लागतात. वयाप्रमाणे, आणि काही गोळ्या तर उंची मोजून देतात. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. गरोदर बायांनी, दोन वर्षांखालच्या मुलांनी आणि फार आजारी माणसांनी घ्यायच्या नाहीत.

इथं एक वेगळीच अडचण येते. ज्याच्या अंगात जंत आहेत, त्यालाच गोळीनंतर ताप येतो, डोकं दुखतं. तो म्हणतो, "चांगला होतो, गोळीनं आजारी पाडलं." खरं तर त्याच्या रक्तातली पिल्लं मरत होती. आणि गावातल्या धडधाकट दिसणाऱ्यांनी गोळी घेतली नाही, तर डास त्यांच्याकडून जंत उचलून पुन्हा सगळ्यांना वाटतो. म्हणून या मोहिमेत एका घराचा गुण बाकीच्या घरांवर अवलंबून असतो.

दुसरी सावधगिरी. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टेपवर्मची अंडी अस्वच्छ हातांनी किंवा भाजीतून पोटात गेली, तर त्याच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत होऊ शकतात. मांस कधीही न खाणाऱ्यालाही हे होऊ शकतं. त्यातून आकडी येते, फिट येते. अशा माणसाच्या मेंदूतली गाठ औषधानं मरताना सूज येते आणि फिट वाढू शकते. म्हणून ज्याला कधी फिट आली आहे, त्याच्याविषयी गोळी देणाऱ्या ताईंना आधी सांगा. यावर अल्बेंडाझोलच देतात, पण बरेच दिवस, सूज उतरवायच्या औषधाबरोबर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. तेव्हा ते जेवणाबरोबर, तेला-तुपाच्या अन्नाबरोबर घ्यायला सांगतात, कारण तसं घेतलं की औषध रक्तात कित्येक पट जास्त जातं. आतड्यातल्या जंतांसाठी औषध आतड्यातच लागतं, म्हणून तिथं तुपाची गरज नसते. गोळी एकच, पण जंत कुठं बसला आहे त्यावरून ती घ्यायची रीत बदलते.

शेळ्यांकडून शिकण्यासारखं

आपल्यापैकी कितीतरी जणी शेळ्या पाळतात. शेळीला जंतांचं औषध पाजलं, तरी ती खंगतच राहिली, हा अनुभव अनेकींना आहे. त्यामागं एक मोठं कारण असं की, जगभर शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांना ही औषधं चालेनाशी झाली आहेत. अंदाजानं कमी मात्रा पाजली, तेच औषध वारंवार पाजलं, की चिवट जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात. शिवाय काही औषधं शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि आपण मेंढीच्या मापानं पाजतो. तेव्हा शेळीचं वजन करून, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच पाजा.

माणसांच्या बाबतीत तशी वेळ येऊ नये, हे आपल्या हाती आहे. अर्धी गोळी नाही, स्वतःच्या मनानं दर महिन्याला गोळी नाही. ठरलेल्या वेळी, पूर्ण मात्रा.

नारू कसा गेला?

आता साठी ओलांडलेल्या आज्यांना आम्ही एक विचारतो. तुम्हाला नारू आठवतो का? पायातून हातभर दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळत बसावं लागायचं, ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळायचा. त्या नारूवर कुठलीही गोळी नव्हती, आजही नाही. तरी नारू गेला. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं.

कशानं गेला? पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायल्यानं. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरणं बंद झाल्यानं. हातपंप आल्यानं. नारू झालेल्या माणसाला पाण्यात पाय घालू न दिल्यानं. गावातल्या प्रत्येक हंड्याच्या तोंडाला ते कापड कुणी बांधलं? आपल्याच आया-सासवांनी.

औषध नसताना एक जंत देशातून गेला. इथं तर औषध आहे, फुकट आहे, दारात येतं. त्याला जोड हवी ती आपल्या हंड्याची, हाताची आणि मातीची.

गटाच्या पुढच्या बैठकीत

हे भाषण वाचून झालं की गटात चार कामं ठरवा, असं आम्ही सुचवतो.

पहिलं, गावातल्या १ ते १९ वयाच्या मुलांची वाडीवार यादी करा. शाळा सोडलेल्या मुली, ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं यादीत आहेत का बघा. शाळेत गोळी मिळते, आणि ही पोरं शाळेत नसतात. ती आशाताईंच्या हाती द्या.

दुसरं, गोळीच्या दिवशी दोघी-तिघी जणी शाळेत आणि अंगणवाडीत हजर राहा. पोरांनी गोळी चावली का, पाणी प्यायली का, हे प्रेमानं बघा.

तिसरं, ग्रामसभेत उठून विचारा. शाळेच्या शौचालयात पाणी आहे का? हात धुवायला साबण आहे का? नसेल तर कधी येणार, ते लिहून घ्या. हे काम एकट्या बायकांचं नाही. सरपंचांचं, शिक्षकांचं आणि घरातल्या पुरुषांचंही आहे.

चौथं, आपल्या प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि रानात जाताना पायात काहीतरी घाला. चिखलात चप्पल टिकत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण गमबूट टिकतात, आणि गटाच्या पैशातून एकदम घेतले तर स्वस्त पडतात. गेलेलं रक्त भरून यायला महिने लागतात.

आणि यापुढं कुणी म्हणालं, "गोळीत दम नाही," तर तिला विचारा. पूर्ण घेतली का? चावली का? घरातल्या सगळ्यांनी घेतली का? शौच तपासलं का? बाळाची शी कुठं टाकता? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की गोळीचा गुण कुठं अडला ते तिचं तिलाच कळेल.

पुढच्या वेळी भेटू, तोवर नखं कापा, हात धुवा आणि एकमेकींची विचारपूस करत राहा. नमस्कार.